आठ नंबरचा चाकू

आमच्या घरात नवीन वस्तूचं कौतुक फारसं होत नाही. मागच्या वर्षी दादाने नवीन फ्रीज घेतला तर आबांनी फक्त "जुना चालत नव्हता का?" एवढंच विचारलं होतं. पण या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीर्थपुरीच्या घरी एक वस्तू आली, जेमतेम वीतभर, आणि पुढचे तीन दिवस लहानापासून थोरापर्यंत सगळे तिच्याभोवती! वस्तू म्हणजे काय तर चाकू. घडीचा, खिशात मावेल असा.

झालं असं की माझा भाचा फ्रान्समध्ये ग्रेनोबलला शिकतो. नाताळच्या सुट्टीत यायच्या आधी त्याने फोनवर सगळ्यांना विचारलं, काय आणू? बायकांनी अत्तरं सांगितली, पोरांनी चॉकलेटं. आबांना विचारलं की ते दरवेळी "काही नको, तू ये म्हणजे झालं" म्हणतात. या वेळी म्हणाले, "खिशातला चाकू भेटला तं आण. लोखंडाचा आण, चकचकीत नको." भाच्याला वाटलं आजोबांना सुपारीसाठी हवा असेल. मलाही तेच वाटलं. :-)

तर हा ओपिनेल. ग्रेनोबलच्या शेजारचाच साव्हॉय नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथला. आपल्याकडे हौशी ट्रेकिंगवाले सोडले तर तो फारसा कुणाला माहीत नसावा. आपल्याला परदेशी चाकू म्हटलं की तो लाल, क्रॉसवाला स्विस चाकू आठवतो, ज्यात कात्री, स्क्रू ड्रायव्हर, दात कोरायची काडी असा अख्खा संसार असतो. हा अगदी उलटा. एक लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा आणि दोन लोखंडी कडी. संपलं. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही की याला वजनच नाही! आपण लोखंडाच्या तयारीने हात पुढे करतो आणि हातात जणू पेन्सिल येते. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, फिकट बिस्किटी रंगाची, मध्ये थोडी फुगलेली आणि शेपटाकडे माशासारखी वळलेली. पातं साडेआठ सेंटिमीटर. धार कारखान्यातूनच अशी की आमच्या वहिनीने कागदावर चालवून बघितली आणि लगेच "हे पोरांच्या हाताला लागू देऊ नका" म्हणून फर्मान काढलं.

उघडायला मात्र नख घालून ओढावं लागतं. रामपुरीसारखा खटका वगैरे काही नाही. उघडल्यावर मुठीच्या तोंडाशी असलेलं कडं फिरवलं की पातं जागच्या जागी अडकतं, मग ते बोटावर मिटण्याची भीती नाही. हे कडं १९५५ साली आलं, चाकू त्याच्या कितीतरी आधीचा, १८९० चा. जोसेफ ओपिनेल नावाच्या, अवजारं बनवणाऱ्या घराण्यातल्या तरुणाने तो आसपासच्या शेतकऱ्यांसाठी केला. १८९७ साली त्याने एक ते बारा नंबरचे बारा आकार काढले. त्यातले एक आणि अकरा पुढे बंद झाले. आमच्याकडे आलेला आठ नंबरचा, सगळ्यात जास्त चालतो तो म्हणे हाच.

पात्यावर एक शिक्का आहे, मुकुट आणि त्याखाली आशीर्वादाला उचललेला हात. आबांनी भिंग लावून तो बराच वेळ बघितला. "हा हात कोणाचा?" भाच्याने सांगितलं, तिथल्या सेंट जाँ द मोरिएन गावाच्या चिन्हात तिथल्या संताचा हात आहे, तो यांनी १९०९ पासून घेतला, आणि मुकुट साव्हॉयच्या राजघराण्याचा. आबा म्हणाले, "म्हंजी संताच्या गावचाच हाये." आमच्याच तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यामुळे संताच्या गावचा माल म्हटल्यावर चाकूचा दर्जा आपोआप वाढला!

देण्याघेण्याचा प्रसंगही सांगण्यासारखा आहे. भाच्याने चाकू आबांच्या हातात द्यायला हात पुढे केला तसा आईने तो वरच्या वर अडवला. "हातात देऊ नको, भांडण होतं. खाली ठेव, ते उचलतील." आपल्याकडे सुरी, कात्री, अडकित्ता कुणी हातात देत नाही, खाली ठेवतात. भाचा हसला आणि म्हणाला, "आजी, तिकडंपण असंच आहे!" तिकडे चाकू भेट दिला तर घेणारा देणाऱ्याला एक नाणं देतो, म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो आणि मैत्री तुटत नाही. हे ऐकून आबांनी बंडीच्या खिशातून एक रुपया काढला आणि बाजेवर ठेवला. चाकू उचलला. एवढ्या लांबून एकच भीती दोन्हीकडे कशी पोहोचली असेल, मला राहून राहून नवल वाटतं.

धारेच्या वस्तूशी आपलं नातं तसं गमतीचंच आहे. एकीकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा नाहीतर सुरी ठेवायची, नवरदेवाच्या हातात कट्यार द्यायची आणि तिच्या टोकाला लिंबू खोचायचं, खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं लोखंड धुऊन पुजायचं. आणि दुसरीकडे एखाद्याच्या खिशात घडीचा चाकू निघाला की तो गुंडच. हे त्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या हिंदी सिनेमांनी केलं. रामपुरी म्हणजे खलनायकाच्या हातात "खट्" करून उघडणारा. खरं तर उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची कला. आता त्याच रामपूरने २०२३ साली भर चौकात वीस फुटी चाकू उभा केला आहे! कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात, त्यातूनही घरकामाची आणि शेतीची वगळून. आमचा आठ नंबरवाला साडेतीन इंचसुद्धा भरत नाही. भाच्याने तो विमानात सामानाच्या बॅगेत टाकून आणला, जवळच्या बॅगेत अर्थातच चालत नाही.

जपानमध्येही म्हणे असाच एक साधा घडीचा चाकू आहे, हिगोनोकामी. एकेकाळी तिथली शाळकरी पोरं त्याने पेन्सिली तासायची. आम्ही अर्ध्या ब्लेडने तासायचो आणि बोटं कापून घ्यायचो. असो.

आता आबांच्या जुन्या चाकूबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जालना जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो. आमचा घनसावंगी, शेजारचा अंबड, हा सगळा पट्टा मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालेलं आहे. मोसंबीचं झाड काही बी लावून करत नाहीत. खाली खुंट असतो रंगपूर लिंबाचा किंवा जंबेरीचा, आणि त्याच्या सालीत मोसंबीचा डोळा भरतात. मुळं लिंबाची, फळ मोसंबीचं. आबा तरुणपणी एका टोळीबरोबर डोळे भरायला गावोगाव फिरायचे. दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं ते पार शिवरात्रीपर्यंत. पेन्सिलीएवढा जाड झालेला खुंट, जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीत इंग्रजी 'टी'सारखा छेद. मोसंबीच्या काडीवरून डोळा काढायचा ढालीच्या आकाराचा, साधारण इंचभर, सोबत पानाचं देठ ठेवून. साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची, डोळा वरून आत सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून टाकायचा, डोळा तेवढा उघडा ठेवून. वाचायला पाच ओळी लागल्या, आबांना मिनिटभरसुद्धा लागत नसे. वाकून, उकिडवं बसून, ओळीच्या ओळी.

त्यासाठीचा चाकू वेगळा असतो. पात्याला एकाच बाजूने धार, दुसरी बाजू सपाट, म्हणजे काप सरळ येतो. आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला साल उचलायची पातळ पट्टी. आबांच्या चाकूची मूठ शिंगाची आहे, पट्टी पितळेची. दगडावर घासून घासून पातं आता इतकं अरुंद झालंय की दाभणच वाटतं. खिळा ढिला, त्यामुळे चाकू उघडा धरला तरी डुलतो. तो एकदा असाच मिटला होता, आबांच्या डाव्या अंगठ्यावर त्याची पांढरी रेघ आहे. लहानपणी आम्हा भावंडांना त्या रेघेवरून बोट फिरवायला फार आवडायचं.

आमच्या स्वतःच्या मळ्यात आबांनी भरलेली दोनशे वीस झाडं होती. वीस बाय वीस फुटांवर. प्रत्येक झाड त्यांच्या हातचं, विकत आणलेलं एकही नाही. आमची शिक्षणं, ताईचं लग्न, सगळं आंबे बहारावर झालं. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. जायकवाडीचा उपयुक्त साठा जवळजवळ संपला, आमच्या विहिरीने जानेवारीतच तळ दाखवला. दादाने टँकर लावले. दिवसाआड, मग आठवड्याने, मग पैसे संपले. मोसंबी एकदम मरत नाही. आधी पानं द्रोणासारखी वळतात, मग शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येतात. बघणाऱ्याला रोज वाटत राहतं की उद्या एक पाऊस पडला तर वाचेल. एप्रिल २०१३ मध्ये यंत्र लावून झाडं काढली. आमच्या एकट्याचीच नाही, त्या वर्षी या भागात कितीतरी बागा सरपणाच्या भावात गेल्या. आबा त्या दिवशी मळ्यात आले नाहीत. घरी ओट्यावर बसून होते. चाकू उघडायचा, मिटायचा. उघडायचा, मिटायचा.

त्यानंतर त्या चाकूने फक्त सुपारी कातरली गेली. वावरात कपाशी आली, सोयाबीन आलं, गावात साखर कारखाना असल्यामुळे मध्ये दोन-तीन वर्षं ऊसही झाला. घरामागच्या न्हाणीच्या पाण्यावर दोन मोसंबीची झाडं तेवढी जगली होती. आबांनी मोसंबीचं नाव काढलं नाही, आम्हीही काढलं नाही.

म्हणून नव्या चाकूवर त्यांनी पहिला निकाल दिला तो ऐकून मी दचकलोच. दोन-तीनदा उघडमीट केली, कडं फिरवून बघितलं ("हे लेकरायचं खेळणं लावलं का?"), पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "धार दोन्हीकून हाये. हा खायचा चाकू हाये, भरायचा नाही."

भरायचा! भाच्याने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. दादा मोबाईलमध्ये बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर आबा ओट्यावर धारेचा दगड घेऊन बसलेले. शेजारी पाण्याची वाटी. नव्या चाकूची एक बाजू दगडावर सपाट टेकवून अगदी सावकाश घासत होते. भाचा पलीकडे उभा, चेहरा असा की जणू कुणी त्याच्या डोळ्यासमोर देवळातली मूर्ती घासतंय. पण खरं तेव्हाच व्हायचं होतं. दुपारपर्यंत पात्याचं काम झालं आणि आबांनी जुना चाकू काढला. नव्याची ती माशाच्या शेपटासारखी सुंदर मूठ जुन्याने तासायला घेतली! बिस्किटी लाकडाचे पातळ कुरळे ढलपे धोतरावर पडत होते. तासभरात शेपटाची एक पातळ, गुळगुळीत, गोल टोकाची पट्टी झाली. साल उचलायची पट्टी. पितळेची नाही, लाकडाची.

"आजोबा, ते गुळगुळीत राहायला वार्निश असतं त्याच्यावर," भाचा शेवटी म्हणाला.

"तेल लावू," आबा म्हणाले.

संध्याकाळी मोसंबी कापून झाली. लोखंडी पात्यावर आंबट रस लागला की ते काळं-निळं पडतं. चकचकीत पातं अर्ध्या तासात पावसाळी आभाळासारखं झालं. वहिनी घासायला नेत होती, आबांनी नेऊ दिलं नाही. हा डाग म्हणजे गंज नाही, डाग पक्का बसला की गंज कमी धरतो, असं ते म्हणाले, आणि ते खरंच आहे. पुसून कोरडा ठेवायचा एवढंच. तेव्हा कुठे मला "लोखंडाचा आण, चकचकीत नको" चा अर्थ लागला.

आणि तिसऱ्या दिवशी आबा आम्हाला गोठ्याच्या मागे घेऊन गेले. तिथे खताच्या फाटक्या गोण्यांच्या आडोशाला बारा काळ्या पिशव्या होत्या आणि त्यात रंगपूर लिंबाचे बारा खुंट, कमरेएवढे. बांधावरच्या झाडाचं बी त्यांनी गेल्याच्या गेल्या वर्षी टाकलं होतं. आईला माहीत होतं. दादाला, वहिनीला वाटत होतं की लोणच्याची लिंबं लावली आहेत! म्हातारा माणूस रोज गोठ्यामागे तांब्या घेऊन जातो, कोण कशाला बघायला जातंय.

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. उकिडवं बसता येत नाही, पाटावर बसले. पहिल्या खुंटाला चाकू लावला, पण हात थरथरतो. छेद तिरपा गेला आणि सालीबरोबर आतलं लाकूडही कापलं गेलं. त्यांनी तो खुंट बाजूला केला, काही बोलले नाहीत. दुसऱ्याला चाकू टेकवला आणि तसाच उचलला. मग माझ्या पुतणीला हाक मारली. ती अकरावीला आहे, जीवशास्त्राच्या पुस्तकात तिने कलमाची आकृती काढलेली आहे. "हिकडं ये. बस. कडं फिरव आधी, पक्कं फिरव." ज्याला खेळणं म्हटलं होतं ते कडं त्यांनी स्वतः दोनदा ओढून तपासलं. मग चाकू जमिनीवर ठेवला. तिने उचलला.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. ते तिच्या हाताला हात लावत नव्हते, फक्त तोंडाने. "दाबू नको, ओढ. सालीपुरतं. आता आडवा. लाकडापोत्तर नको जाऊ. आता शेपूट लाव, उचल… हळू, साल तिच्या मनानं उठली पाहिजे." पहिला डोळा तिने उलटा भरला. आबा खो-खो हसले, म्हणाले, "खाली डोकं वर पाय, कसा फुटंल तो?" पहिला खुंट वाया गेला होता, उरलेल्या अकरांमध्ये डोळे भरून झाले तेव्हा ऊन कललं होतं. तिच्या बोटाला एकदाही लागलं नाही.

रात्री जेवताना दादाने विषय काढलाच. त्याचं म्हणणंही खोटं नाही. लावायचीच तर बदनापूरच्या संशोधन केंद्रातून खात्रीची रोपं आणावीत, घरामागच्या म्हाताऱ्या झाडाच्या काड्या कशाला, त्यात रोग असेल तर डोळ्याबरोबर नव्या झाडात जातो. आणि पाण्याचं काय? शेततळं करायचं तर खर्च कोण करणार? उद्या परत २०१२ सारखं झालं तर? आबा जेवत राहिले. शेवटी ताटात हात धुता धुता म्हणाले, "त्या दोन झाडानं बारा साल पाहिलं, तेरा पाहिलं. अजून फळ देऊ राहिली." दादा म्हणाला, "न्हाणीच्या पाण्यावर, आबा." मग दोघंही गप्प. चाकू खाली ठेवून उचलला तरी भांडणं व्हायची ती होतातच, पण आमच्या घरात ती इतपतच होतात.

मी छत्रपती संभाजीनगरला परत आलो, भाचा ग्रेनोबलला गेला. डोळा धरला की नाही हे कळायला अडीच-तीन आठवडे लागतात. डोळ्याबरोबर ठेवलेल्या त्या देठाला बोट लावायचं. डोळा जिवंत असेल तर देठ नुसत्या स्पर्शाने गळून पडतं. मेला असेल तर ते वाळून तिथेच चिकटून राहतं, ओढलं तरी सुटत नाही.

गेल्या रविवारी पुतणीचा फोन आला. अकरापैकी सहा देठं गळाली. उलट्या भरलेल्या डोळ्याचं विचारलं तर म्हणाली, तो तर दुसऱ्याच दिवशी काढून सुलटा भरला होता, आजोबांना न सांगता, आणि तो सहांमध्ये आहे. आबांना फोन द्यायला सांगितला. मी म्हटलं, पहिल्याच हाताला सहा म्हणजे चांगलं की हो. ते म्हणाले, "पाच काहून गेले ते तिला इचारलं मी. तिला सांगता येईना. पट्टी ढिली बांधली व्हती." मग जरा थांबून म्हणाले, भाच्याला सांग, तो आठ नंबर तिच्या हाताला मोठा पडतो, सात नंबर भेटतो का बघ.

दादा त्यामागे कुणालातरी शेततळ्याच्या अस्तराच्या कागदाचा भाव विचारत होता, तेवढं फोनमध्ये ऐकू आलं. स्वतःसाठी विचारत होता की दुसऱ्या कुणासाठी, ते मी विचारलं नाही.